आयरीनचा तळ

कराबी, १२ जानेवारी

नेव्ह,

पाणी निघालंय.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. गेल्या अकरा वर्षांत तू मला एक ओळ पाठवली नाहीस, मीही तुला नाही, तेव्हा फिटंफाट आहे. पण ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळली असती तर माझा जळफळाट झाला असता. बहीण म्हणून लिहितेय असं समजू नकोस. कराबी शीड क्लबची चिटणीस या नात्यानं लिहितेय.

वर क्वीन्सलंडात ख्रिसमसपासून पाऊस थांबलेला नाही. काल बिलाराच्या मळ्यावरून फोन आला की त्यांच्या मेंढ्यांच्या कुंपणाचे खांब पाण्याखाली गेले. बिलारा ते आपलं तळं म्हणजे पाण्याला दोन महिन्यांची वाट. बाबा भिंतीवरच्या नकाशात टाचणी लावायचे आणि वरच्या मळ्यांवरून फोन आला की ती थोडी खाली सरकवायचे, आठवतं का? तो नकाशा आता टिमिन्सच्या पबमध्ये आहे. क्लबचा अध्यक्षही सध्या टिमिन्सच आहे, त्यामुळे टाचणी सरकवायचा मान आपला असं त्यानं परस्पर ठरवून टाकलंय. मर्ल आंटी बिअरचा ग्लास घेऊन त्याच्यामागे उभी होती. म्हणाली, "टाचणीशिवाय माझे लोक हजारो वर्षांपूर्वी इथे पोचले, तसं पाणीही पोचेल. तू गिऱ्हाइकांकडे बघ." ऐंशी ओलांडली तरी तिची जीभ काही म्हातारी व्हायला तयार नाही.

आता कामाचं. तालुका परिषदेनं तळ्याचा काठ आपल्या क्लबला कुठल्या अटीवर दिलाय हे तुला माहीत आहे. दर ईस्टरच्या शनिवारी क्लबच्या पाच होड्यांनी धक्क्यावरून निघायचं, तळ्यातल्या वाळक्या निलगिरीला वळसा घालायचा आणि सूर्य मावळायच्या आत परत यायचं. आजोबांच्या वेळेपासूनची अट. ती पाळली जातेय तोवर काठ क्लबचा, म्हणजेच ज्याला सुट्टीत यावंसं वाटेल त्याचा. यावं, तंबू ठोकावा, कॅरॅव्हान लावावी, चॉप्स भाजावेत, कुणी काही विचारत नाही.

तळं आटलं तेव्हाही आम्ही अट मोडू दिली नाही. होड्यांचे तळ कापले, आत उभं राहून होड्या कमरेला धरल्या आणि सुक्या तळ्यातून पळत सुटलो. परिषदेनं हसत हसत मान्य केलं. लोकही ते बघायला लांबलांबून यायचे. नाहीतर पाणी नसलेल्या तळ्याकाठी सुट्टी घालवायला कोण येणार होतं? तुला ते पटलं नाही. तुझं ते वाक्य मला अजून पाठ आहे, "होडी पाण्यासाठी असते, सर्कशीसाठी नाही." आणि तू बाबांची होडी, आयरीन, गाडीला जोडून सगळ्यांदेखत निघून गेलास. माझ्या हातचा चहाही घेतला नाहीस. मी पबच्या ओसरीवरून तुला जे बोलले ते आजही बोलेन, फक्त जरा हळू आवाजात.

मुद्दा असा की आता पाणी येतंय म्हटल्यावर किनाऱ्याकडच्या एका कंपनीला आपलं तळं आठवलं. काठावर काचेच्या खोल्या बांधायच्या, भोवती कुंपण घालायचं असा बेत आहे. परिषदेची किर्स्टी स्वतः सांगायला आली. पोर वाईट नाही, पण तिच्यावरही कुणीतरी आहे. म्हणाली, "ग्लेनिस, तळ्यात पाणी असताना तुम्ही पळत गेलेलं चालणार नाही. पाच होड्या पाण्यावर दिसल्या पाहिजेत. चार झाल्या तर माझ्या हातात काही राहणार नाही."

आणि क्लबच्या होड्यांपैकी आज एकीलाही तळ नाही. हसू नकोस. तू हसतोयस हे मला इथून दिसतंय.

धड तळ असलेली एकच होडी आहे आणि ती तुझ्याकडे आहे. मी मागत नाहीये. फक्त सांगतेय.

ग्लेनिस

*

कराबी, ८ फेब्रुवारी

नेव्ह,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "टिमिन्सला पोहायला लावा." अकरा वर्षांनी तीन शब्द, तेही दुसऱ्याबद्दल. टिमिन्सनं ते काचेत बसवून गल्ल्यामागे लावलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. त्याला वाटतं तो आता प्रसिद्ध झाला.

पोस्टकार्डाच्या दुसऱ्या बाजूचा समुद्र बघितला. निळा आहे, छान आहे, रंगीत छत्र्या आहेत. शिडाच्या होड्याही आहेत. त्यातली आयरीन कुठली ते मी भिंग घेऊन शोधत बसले होते. मला नेहमी वाटायचं, तू रविवारी तिला समुद्रात काढत असशील, सुट्टीवर आलेल्या शहरी लोकांना फिरवत असशील, आणि कुणी विचारलं तर सांगत असशील की ही आमच्या आईच्या नावाची होडी. असो. तुझी होडी, तुझा समुद्र.

इथली मजा ऐक. आम्ही होड्यांचे कापलेले तळ शोधायला निघालो. कापले तेव्हा फेकून देणं कुणाच्या जिवावर आलं नव्हतं, लाकूड चांगलं होतं. त्यामुळे ते गावभर पसरलेत. टिमिन्सच्या होडीचा तळ म्हणजे पबमधलं खिडकीजवळचं टेबल. इतक्या वर्षांच्या ग्लासांचे गोल डाग आहेत त्यावर. दुसरा कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून होता. तिसऱ्यावर शाळेतली मुलं दर ख्रिसमसला येशूजन्माचं नाटक करतात, तो मास्तरांनी कुरकुरत दिला. चौथा मर्ल आंटीच्या ओसरीवर बाक म्हणून आहे, आणि आंटी त्याच्यावर बसलेली होती.

"आंटी, जरा उठतेस का?"

"कशाला?"

"तुझं बाक होडीला लावायचंय."

"आणि मी बसू कुठं? तळ्यात?"

शेवटी शर्यत झाली की बाक परत आणून द्यायचं, शिवाय यंदाही शर्यतीची बंदूक तिनंच उडवायची, या बोलीवर उठली. बंदूक तशीही दरवर्षी तीच उडवते, पण तिला बोली करायला आवडतं.

पाचवा तळ वाळवीनं खाल्ला. हात लावला तर भुगा झाला. नवा तळ घडवेल असा सुतार आता इथे नाही, आणि नवी होडी आणूनही भागणार नाही. क्लबच्या पाटीवर ज्यांची नावं रंगवलेली आहेत त्याच होड्या धरतात. तू गेलास तेव्हा टिमिन्स रंगाचा डबा घेऊन आयरीनचं नाव पुसायला आला होता. मी त्याला शिडीवरून खाली उतरवला. हे तुला सांगायचं कारण नव्हतं, पण सांगून झालं.

फोन दिवसभर वाजतोय. इतकी वर्षं लोक विचारायचे, "पाणी आहे का हो?" आणि मी सांगायचे, "पाणी नाही, शर्यत आहे." आता सांगते, "वाटेत आहे." काल कोवाल्स्कींच्या सुनेचा फोन आला. धक्क्याजवळच्या मोठ्या झाडाखाली दर ईस्टरला त्यांचा तंबू असायचा, तू त्यांच्या मुलांना पोहायला शिकवलं होतंस. त्यातला थोरला आता दोन मुलांचा बाप आहे. सून घाबरत घाबरत म्हणाली, "आमची जागा आता दुसऱ्या कुणाला दिली असेल ना?"

मी म्हटलं, "तुमच्या जागेवर गेल्या अकरा वर्षांत मी कुत्रंसुद्धा बसू दिलेलं नाही."

ती रडायला लागली. मग मलाही जरा जड गेलं. ही माणसं काचेच्या खोल्यांत मावणारी नाहीत, नेव्ह. कोवाल्स्कींचा जुना तंबू, ती धूर सोडणारी शेगडी, ती ओरडणारी पोरं यांना त्या कुंपणाच्या फाटकावरूनच परत पाठवतील.

टाचणी टूम्बाच्या पुलाशी आली आहे.

ग्लेनिस

*

कराबी, ९ मार्च

नेव्ह,

आलं.

रविवारी सकाळी कालव्याच्या तोंडाशी सगळं गाव आपापल्या खुर्च्या घेऊन बसलं होतं. आधी पेलिकन आले. त्यांना कोण फोन करतं कुणास ठाऊक. मग लांबवर एक तपकिरी रेघ दिसली आणि ती जाड होत गेली. पाणी काय धावत आलं नाही. काड्या, फेस, कोळी, किडे पुढे ढकलत दमलेल्या माणसाच्या चालीनं आलं. तळ्यातल्या भेगांत शिरलं की आतली हवा बुडबुडत बाहेर पडायची. सगळ्या तळ्यातून तोच आवाज. टिमिन्ससुद्धा गप्प झाला होता, यावरून काय ते समज.

पाणी पायाशी आलं की आम्ही खुर्च्या उचलून थोडं मागे जाऊन बसायचो. पुन्हा पायाशी आलं की पुन्हा मागे. असं दुपारपर्यंत चाललं. टिमिन्सनं मात्र खुर्ची हलवायची नाही असं ठरवलं. पाणी त्याच्या पोटापर्यंत चढलं तरी तो बिअर डोक्यावर धरून बसून राहिला. मर्ल आंटी म्हणाली, "त्याला तिथेच राहू द्या, वळसा घालायला दुसरं झाड मिळालं."

इतकी वर्षं चिखलात दडून बसलेले यॅबी नांग्या उगारत बाहेर आले. गुडघाभर पाण्यात उतरून बादल्या भरभरून काढले, तिथेच उकडले, लोणी लावून खाल्ले. हाताला तोच वास, आई अंगणात पातेलं चढवायची तेव्हाचा. मी आनंदानं वेडी झाले होते, नेव्ह. साठी उलटलेली बाई स्कर्ट खोचून पाण्यात नाचत होती आणि मला कुणाची पर्वा नव्हती. फक्त एकदा मी उजवीकडे वळून काहीतरी सांगायला गेले आणि तिथे तू नव्हतास.

चार होड्यांना तळ बसले. आडव्या पट्ट्या मारल्या, डांबर ओतलं, वर आणखी काय काय लावलं. काल पाण्यात घालून बघितल्या. कोंबड्यांच्या छपरातून थोडं झिरपतं, बाकीच्या कोरड्या आहेत. टिमिन्सच्या होडीत पायाखाली ग्लासांचे डाग दिसतात, तो त्यांना पदकं म्हणतो.

चारच आहेत.

मी मागत नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. आता मागते. आयरीन पाठव. तू येऊ नकोस हवं तर, माझं तोंड बघू नकोस, पण तिला पाठव. ईस्टर महिन्यावर आला आहे.

ग्लेनिस

*

कराबी, २८ मार्च

नेव्ह,

कांद्याच्या ट्रकवरून आयरीन आली. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. ताडपत्री मात्र बाबांच्या गाठींनी बांधलेली. सोडवताना माझी नखं तुटली. गाठी बांधायला तू विसरला नाहीस तर.

तिला बघायला अर्धं गाव आलं होतं. कोवाल्स्की मंडळी दोन आठवडे आधीच येऊन ठेपलीत, तीही होती. किर्स्टीही तालुक्याहून आली होती, पाचवी होडी डोळ्यांनी बघायला. सगळ्यांनी मिळून तिला धक्क्यावरून उतरवली. मी आत चढले, मोठ्या दिमाखात हात वगैरे केला.

आणि ती बुडाली.

हळूहळू नाही. प्रत्येक फळीच्या मधून पाणी आत आलं, जशी काही टोपलीच पाण्यात सोडली होती. मी काही करायच्या आत पाणी मांडीपर्यंत आलं आणि आयरीन माझ्यासकट खाली जाऊन बसली. धक्क्यावर कुणी हसेना. मी वर बघितलं तर किर्स्टीचा चेहरा पांढरा पडलेला.

"हीच ना पाचवी?" तिनं विचारलं.

"हीच."

"ती बुडालीय."

"भिजतेय," मी म्हटलं.

तिला वाटलं मला धक्का बसलाय, डोक्यावर परिणाम झालाय. पण त्या क्षणी माझ्या मनात भलतंच चाललं होतं, ते तुला सांगते. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिच्या फळ्यांवरून हात फिरवला. मधल्या फटीत करंगळी जात होती. लाकूड असं केव्हा आकसतं हे आपल्या दोघांना बाबांनीच शिकवलंय. ही होडी गेली अकरा वर्षं पाण्यात उतरलीच नव्हती. एकदाही नाही. समुद्र तुझ्या दारात, आणि तू तिला छपराखाली ठेवलीस. मी भिंग घेऊन त्या पोस्टकार्डावर तिला शोधत बसले होते, आणि तू तिला या तळ्यासाठी राखून ठेवली होतीस.

मूर्खा. एवढं तरी कळवायचंस. मी धक्क्याला टेकून सगळ्यांसमोर रडले. कोवाल्स्कींच्या सुनेनं टॉवेल आणला, तिला वाटलं मी गारठले.

मर्ल आंटी धक्क्यावरून वाकून म्हणाली, "तहान लागलीय बिचारीला. काढू नका. पिऊ दे पोटभर."

तेच करतोय. बाबा दर हंगामाच्या सुरुवातीला करायचे तसंच. पोटात दगड भरून तिला धक्क्याशेजारी बुडवून ठेवलीय. फळ्या फुगतील, फटी मिटतील. रोज सकाळी जाऊन मी करंगळी घालून बघते. आज नखापर्यंतच गेली. सुट्टीवर आलेली पोरं पाण्यात डोकं घालून तिला बघतात आणि आपापल्या आयांना सांगतात की आयरीन अजून झोपलीय.

आणखी एक. आयरीनला दोघं लागतात. सुकाणू मी धरीन. पुढचं शीड मला कधी जमलं नाही, ते तुझं काम असायचं. टिमिन्सच्या पुतण्याला शिकवून बघितलं, तो दोर सोडायच्या वेळी ओढतो. स्वतः टिमिन्स बसला तर होडीचं नाक पाण्यात जातं, शिवाय त्याची स्वतःची होडी कोण नेणार? होईल काहीतरी.

शर्यत शनिवारी, आठ तारखेला. दुपारी सुरू. हे तुला माहीत आहेच.

ग्लेन

*

कराबी, १३ एप्रिल

नेव्ह,

तू घरी पोचल्याचा फोन तुझ्या लेकीनं केला, आणि बाळ अजून वाट बघायला लावतंय हेही सांगितलं. तू रविवारी लगेच निघालास ते बरं केलंस. पहिलं नातवंड आहे, तिथेच असायला हवं. इथे सगळे तुझ्या नावानं ओरडताहेत की सोमवारच्या जेवणाला थांबला नाही. मी सांगितलं, या वेळी तो चहा घेऊन गेलाय. दोन कप.

जे घडलं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतास. पण होडीत तू पुढे आणि मी मागे. तुला दिसलं नाही ते मला दिसलं, म्हणून लिहितेय.

शनिवारी सकाळी आम्ही दगड काढून आयरीनला वर आणली. मी आत बसून बादलीनं पाणी उपसत होते आणि सगळे वाकून बघत होते की परत भरतंय का. भरलं नाही. तळाशी थोडा ओलावा, बस. एवढ्यात धक्क्यावरून आवाज आला, "शिडाचा दोर कुठल्या गाढवानं बांधलाय?"

मी वर न बघता म्हटलं, "टिमिन्सनं."

"वाटलंच," तू म्हणालास, आणि आत उतरून गाठ सोडायला लागलास. तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून तुला दिसलं नाही. माझ्या हातातली बादली पाण्यात पडली आणि वाहून गेली. मी तिला जाऊ दिली. नंतर कोवाल्स्कींच्या पोरांनी पोहत जाऊन आणली.

मर्ल आंटीनं बंदूक उडवली तेव्हा सगळ्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. कॅरॅव्हान रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. इतकी माणसं आपण दोघांनी लहानपणीही बघितली नव्हती. तू शिडाकडे बघत होतास. मी बघितलं, म्हातारे नवराबायको खुर्च्यांवर उभे राहिले होते, आणि कुणीतरी टिमिन्सच्या पबची खिडकीसुद्धा काढून टाकली होती, आत राहिलेल्यांना दिसावं म्हणून.

जाताना वारा चांगला होता. आपण काही बोललो नाही. "घे." "सोड." "धर." "धरलाय." एवढंच. पण मी सुकाणू वळवायच्या आधी तुझा हात दोरावर असायचा. अकरा वर्षं सराव नाही, तरी तसूभर चूक नाही. वाळक्या निलगिरीला वळसा घालताना तू त्याच्या खोडाला हात लावलास. मी बघत नाही असं तुला वाटलं असावं.

आणि मग वारा पडला.

बाकीच्या चार एकेक करून पोचल्या. टिमिन्स पहिला, पदकं मिरवत. आपण राहिलो मध्येच. शीड कपडे वाळत घातल्यासारखं लोंबत होतं आणि धक्का समोर दिसत होता. सूर्य पठाराला टेकायला आला. वल्हं मारलं तर शर्यतीतून बाद, हे आपल्याच आजोबांनी घालून ठेवलेलं. किर्स्टी धक्क्याच्या टोकाला उभी राहून एकदा सूर्याकडे आणि एकदा आपल्याकडे बघत होती. मी मनात म्हटलं, चार. चारच झाल्या. आपण दोघं मिळून काठ घालवला.

तेव्हा तू बूट काढायला लागलास. मोजे नीट गुंडाळून बुटांत ठेवलेस, आईनं शिकवलं तसे. आणि उतरलास. पाणी तुझ्या कमरेपर्यंत आलं.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"चालतोय."

"होडी पाण्यासाठी असते ना रे, सर्कशीसाठी नाही?"

"पाण्यातच चालतोय. गप्प बस आणि सुकाणू सरळ धर."

पुढचा दोर खांद्यावर टाकलास आणि ओढायला लागलास. आपलं तळं उथळ आहे हे माझ्या इतके दिवस डोक्यात आलं नव्हतं. सुक्या तळ्यात मी इतकी वर्षं पळाले, तरी पाणी दिसल्यावर मी पाय विसरले. तू विसरला नाहीस. त्या शर्यतीला शिव्या घालून गेलेला माणूस तू, आणि शेवटी तीच शर्यत धावलास. मी एवढ्या मोठ्यानं हसले की पेलिकन उडाले.

काठावर काय झालं ते तुला ऐकू आलं नसेल, तू धापा टाकत होतास. मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. कोवाल्स्कींची पोरं मदतीला पाण्यात उड्या मारायला निघाली तेव्हा टिमिन्सनं ओरडून सगळ्यांना थांबवलं. "कुणी हात लावायचा नाही. ज्यांची होडी त्यांनीच आणायची." मग किर्स्टीनं हळूच विचारलं, "असं चालत आलेलं चालतं का पण?"

टिमिन्स म्हणाला, "बाई, अकरा वर्षं तुमच्या कचेरीनं चालत आलेल्याच होड्या मोजल्यात. आज तर ही पाण्यावरसुद्धा आहे."

किर्स्टीनं यावर थोडा विचार केला आणि मग, मर्ल आंटीच्या म्हणण्याप्रमाणे, परिषदेची माणूस असल्याचं विसरून सगळ्यांत आधी तीच ओरडायला लागली. "चला, चला, चला." त्यानंतर तो सगळा काठ ओरडायला लागला. पातेली वाजवली, गाड्यांचे हॉर्न वाजवले. ते तू ऐकलंस.

तू जे बघू शकला नाहीस ते आता सांगते. तुला तुझी पाठ दिसत नाही. दोर खांद्यावर घेतला की तुझा डावा खांदा खाली जातो, थेट बाबांसारखा. मी आयरीनमध्ये बसले होते आणि समोर ते पाणी कापत चाललेत असं मला दिसत होतं. त्यांना हे बघायला मिळालं असतं तर काय म्हणाले असते मला माहीत आहे. म्हणाले असते, सुकाणू सरळ धर, ग्लेन. म्हणून मी सरळ धरलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आयरीनचं नाक धक्क्याला लागलं तेव्हा सूर्याची वरची कड शिल्लक होती. मर्ल आंटीनं बंदूक उडवली, आणि आनंदाच्या भरात दुसरी गोळीही उडवली, जी कुणी मागितली नव्हती. किर्स्टीनं बोटं वर केली. पाच.

कंपनीची माणसं मंगळवारी काठ बघायला आली होती. त्यांना कोवाल्स्कींनी चॉप्स खायला घातले आणि टिमिन्सनं तुझं पोस्टकार्ड दाखवलं. ती परत गेली. काठ आपला आहे, नेव्ह. पुढच्या ईस्टरचे फोन आजच सुरू झालेत, आणि कोवाल्स्कींची सून जागा पक्की करूनच गेली.

काल क्लबची सभा झाली. मर्ल आंटीचं बाक परत दिलं, ती म्हणते थोडं ओलं लागतं. मग मी उठून ठराव मांडला आणि आवाजी मतानं मंजूर करून घेतला. तळं पुन्हा कधी ना कधी आटेल, ते आटतंच. आटलं तरी आयरीनचा तळ कापायचा नाही. टिमिन्स म्हणाला, मग कोरड्यात ती धावणार कशी? मी म्हटलं, अख्खी उचलून.

ती जड आहे. मला एकटीला उचलणार नाही.

तेव्हा दर ईस्टरला ये. तळ्यात पाणी असलं तर टोपी आण, नसलं तर चांगले बूट.

तुझी बहीण,
ग्लेन